मेणवलीच्या घंटेचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर उभे राहिले की समोर कृष्णा वाहते. तिचे मूळ महाबळेश्वरात आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्याच घाटावर एका लहानशा दगडी देवळात जी थोरली घंटा टांगली आहे, तिचे कूळ शोधायच्या फंदात आपण फारसे पडलो नाही. ‘ही वसईची घंटा, चिमाजी आप्पांनी फिरंग्यांकडून जिंकून आणलेली,’ एवढ्यावर तिची ओळख संपते. पर्यटनाची पुस्तिका असो, गावातला वाटाड्या असो की वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतला लेख असो, वाक्य तेच. ते वाक्य खोटे नाही. ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणापायी एका मोलाच्या वस्तूकडे आपण पाहायचेच थांबलो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

मी इतिहासाचा किंवा कलेचा पदवीधर नाही. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये माझी २२ वर्षे गेली. लाकडाचा पॅटर्न, वाळूचा साचा, पोकळीसाठी मध्ये बसवायचा कोर, भट्टी, लेडल आणि सकाळी साचा फोडल्यावर दिसणारे ब्लोहोल, हेच माझे विद्यापीठ. त्यामुळे कुठलीही ओतीव वस्तू दिसली की ती काय आहे याच्या आधी ती कशी ओतली असेल, हा प्रश्न मला पडतो. मेणवलीच्या घंटेपुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हाही तसेच झाले. त्या प्रश्नाच्या मागे मराठी विश्वकोशाचे खंड, जुनी गॅझेटिअर आणि मिळतील ती इंग्रजी पुस्तके चाळत मी थेट युरोपातल्या मध्ययुगापर्यंत पोचलो. त्या वाटेवर जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

सालाचा प्रश्न

घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे. सातारकराला हे साल वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी औरंगजेब अहमदनगरला मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि पुढच्या जानेवारीत साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. आपला इतिहास अशी कूस बदलत होता, त्याच साली ही घंटा ओतली गेली.

वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांच्या हाती आला. आता दोन साधी साले शेजारी मांडून पाहा. ज्यांच्या नावाने मेणवली ओळखली जाते, त्या नाना फडणवीसांचा जन्मच १७४२ चा. औंधच्या पंतप्रतिनिधींकडून हे गाव त्यांना मिळाले ते १७६८ मध्ये. वाडा, घाट आणि घाटावरची देवळे हे सारे त्यानंतरचे. म्हणजे वसई पडली तेव्हा ही घंटा टांगायला मेणवलीचा घाट अस्तित्वातच नव्हता. नाशिकच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी अशीच घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ते देऊळ बांधले गेले १७४७ मध्ये. तिथेही वसईचा विजय आणि देवळाचे बांधकाम यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे.

रणातून धुरळा उडवत हत्तीवरून थेट देवळात आलेली घंटा, हे चित्र आपल्याला आवडते. साले मात्र निराळे सांगतात. वसई पडली तेव्हापासून घाट उभा राहीपर्यंत किमान २९ वर्षे ही घंटा दुसरीकडे राहिली, राखली गेली, आणि मग कुणीतरी ठरवून तिला नदीकाठी जागा दिली. या ‘राखली गेली’ शब्दांकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

मध्ययुग कुठे शोधायचे?

१७०७ ची वस्तू मध्ययुगीन कशी, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. युरोपात मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंतचा काळ. त्या हजार वर्षांत चर्चची इमारत कशी घडत गेली, ते थोडक्यात असे: आरंभी रोमन लोकांच्या सभागृहासारखी लांबट, लाकडी छताची बॅसिलिका. मग साधारण दहाव्या-अकराव्या शतकापासून अर्धगोल कमानींची, जाडजूड भिंतींची, लहान खिडक्यांची रोमनेस्क शैली. पुढे बाराव्या शतकात, पॅरिसजवळच्या सँ दनी मठात सुजे नावाच्या मठाधिपतीने ११४० च्या सुमारास जे बांधकाम काढले, त्यातून गॉथिक शैलीची सुरुवात झाली. टोकदार कमान, दगडी फासळ्यांवर तोललेले छत आणि भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी, या तीन युक्त्यांनी छताचे ओझे ठरावीक खांबांवर उतरवले. भिंतीवरचा भार हलका झाला, तिथे रंगीत काचांच्या खिडक्या आल्या आणि देवघरात उजेड शिरला.

पोर्तुगीज कोकणात उतरले तेव्हा हे युग संपत आले होते. जुन्या गोव्यात टेकडीवरचे रोझरीचे चर्च पाहिले तर गॉथिकची ती शेवटची झुळूक अंगाला लागते. तिथे फासळ्यांचे छत आहे आणि दोरखंडासारख्या पिळाची दगडी नक्षी आहे. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या नावाने ती शैली ओळखली जाते. वसईचा ताबा पोर्तुगिजांना मिळाला १५३४ मध्ये. तिथल्या चर्चच्या दर्शनी भागांवर मात्र नव्या, रेनेसाँच्या अभिरुचीची छाप आहे. अर्धगोल कमानी, ग्रीक-रोमन धर्तीचे खांब, त्रिकोणी माथे. आणि मुंबईच्या कुलाब्यातले अफगाण चर्च टोकदार कमानींचे असले तरी त्याचे उद्घाटन १८५८ चे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांना मध्ययुगाची जी ओढ लागली होती, तिचे ते अपत्य. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत इंग्रजांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिरांचा काळही तोच.

तेव्हा आपल्या मुलखात मध्ययुगीन चर्च शोधायला निघालेला माणूस इमारती पाहत फिरला तर हात हलवत परत येईल. त्याने घंटेकडे पाहावे. इमारतीच्या शैली दर दोन-तीनशे वर्षांनी पालटल्या. घंटेचा आकार मात्र चौदाव्या शतकाच्या आसपास जो ठरला, तो मूलतः तसाच राहिला. सोनार नवे दागिने घडवतो, पण ऐरण आजोबाच्याच धाटणीची वापरतो, तशातला हा प्रकार. १७०७ ची घंटा वयाने अर्वाचीन असली तरी वळणाने मध्ययुगीन आहे.

आकार आणि आवाज

युरोपातल्या सुरुवातीच्या घंटा लोखंडी पत्रा वाकवून, रिबिटे मारून केलेल्या असत. आयर्लंडच्या साधूंच्या अशा हातघंटा आजही संग्रहालयात आहेत. गाईगुरांच्या गळ्यातल्या घाटीची ती थोरली बहीण म्हणावी. ओतीव काशाची घंटा स्थिरावल्यावर तिचा आकार आधी पालथ्या घागरीसारखा गोलसर होता. मग तो उंच आणि निमुळता झाला. शेवटी खांद्याशी आवळ, खाली पसरत गेलेला आणि ओठाशी जाड, असा आज आपण ‘घंटेचा आकार’ म्हणून ओळखतो तो आकार आला. ओठाजवळचा जाड भाग शोभेसाठी नाही. लोलक तिथे आपटतो. तिथली जाडी, व्यास आणि उंची यांच्या प्रमाणावर आवाज ठरतो. ही प्रमाणे कुणा पंडिताने गणित करून काढलेली नाहीत. पिढ्यान् पिढ्या ओतारी घंटा ओतत गेले, ऐकत गेले आणि बदलत गेले, त्यातून ती हाती आली.

इथे मिरजेची आठवण होते. तिथले तंबोरे-सतार करणारे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार-पाणी करणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांतले काही वाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, जवारी कशी लावायची हे पुस्तकात सापडत नाही, कानात असते. मिरजेत ऐकलेली आणखी एक गोष्ट घंटेच्या बाबतीत मला उपयोगी पडली. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो. युरोपीय वळणाच्या घंटेत मूळ स्वराबरोबर जो गंधार प्रकर्षाने उमटतो, तो मात्र सर्वसाधारणपणे कोमल गंधाराच्या जवळ जातो. तार आणि घंटा यांच्या कंपनांची जातच वेगळी. चर्चच्या घंटेचा आवाज पुष्कळांना कातर, उदास का वाटतो, याचे निदान एक कारण धातूच्या आकारात आहे. त्यासाठी कुणाचा धर्म आड यायला नको.

ओतकामाची एकच शाळा

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा जर्मन मुलखात, थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका साधूने चित्रकला, काच आणि धातुकाम यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात घंटा ओतण्याची रीत तपशीलवार दिली आहे. मातीचा कोर करायचा. त्याच्यावर चरबीचा थर देऊन तो फिरवत घंटेच्या आकाराला आणायचा. त्यावर मातीचे लेप द्यायचे. मग आच देऊन चरबी वितळवून काढायची आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. रस म्हणजे साधारण चार-पाच भाग तांबे आणि एक भाग कथील.

हे वाचले तेव्हा मी हसलो, कारण ही रीत मला परकी नव्हती. त्याच सुमारास, ११३० च्या आसपास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. या चालुक्यांचे राज्य आपल्या सातारा-सांगली भागावरही होते. मानसोल्लासात मूर्ती ओतण्याची रीत आहे: मेणाची प्रतिमा करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि रस ओतायचा. चरबीच्या जागी मेण, घंटेच्या जागी मूर्ती, बाकी हिशेब तोच. जर्मनीतला साधू आणि कल्याणीचा राजा यांना एकमेकांचे नावही माहीत नसेल. पण साच्यापुढे बसलेल्या दोन्हीकडच्या माणसांना अडचणी सारख्याच होत्या: ओल राहिली तर साचा फुटतो, वाफेला वाट नसेल तर ओतीव सच्छिद्र होते. मध्ययुगीन चर्चकला म्हणजे आपल्याला काही देणेघेणे नसलेली गोष्ट, असे मानणाऱ्यांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.

मेणवलीची घंटा पंचधातूची असल्याचे सांगतात. युरोपीय परंपरेत घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील, आपल्या भाषेत कासे. ‘पंचधातू’ हा आपण तिला दिलेला मान आहे. देवळात आलेल्या धातूला आपल्याकडे तेच नाव शोभते. पण लेखनात मान आणि माहिती यांची गल्लत करू नये.

कडेवरचे बाळ

पुढे युरोपात चरबीऐवजी मातीचीच ‘खोटी घंटा’ करण्याची पद्धत रूढ झाली. त्या खोट्या घंटेवर मेणाची अक्षरे, पट्ट्या आणि आकृत्या चिकटवत. त्यावर बाहेरचा साचा घेतला की त्यांचा ठसा साच्याच्या आतल्या बाजूला उमटे. घंटेवर उठावात दिसणाऱ्या मेरीसारख्या आकृत्या येतात त्या या वाटेने. मध्ययुगाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपातले ओतारी आणखी एक गोष्ट करत. यात्रेकरूंनी तीर्थस्थळाहून आणलेले शिसे-कथलाचे बिल्ले ते साच्यात दाबत, म्हणजे त्या तीर्थाचा ठसा गावच्या घंटेवर उठे. जेजुरीहून किंवा आपल्या पालीहून आणलेला खंडोबाचा टाक देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

मेरीच्या मूर्तीचाही एक इतिहास आहे. रोमनेस्क काळातली मेरी सिंहासनावर ताठ बसलेली असते. तिच्या मांडीवरचे मूल मुलासारखे नसून छोट्या राजासारखे असते आणि दोघेही समोर, भक्ताकडे पाहतात. ती आई नसून आसन आहे. तेराव्या शतकात गॉथिक कारागिरांनी तिला उभे केले. बाळ एका हातावर घेतल्यामुळे तिचे शरीर किंचित एका बाजूला झुकले, तिची मान बाळाकडे वळली, ओठांवर हसू आले. फ्रान्समधल्या आमियँच्या कॅथीड्रलवरची मेरी किंवा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली हस्तिदंती मेरी पाहिली की हा बदल लगेच कळतो. देवाची आई तिथे लेकुरवाळी झाली. पुढच्या शतकांत पोर्तुगीज जहाजांतून जी मेरी गोव्याला आणि वसईला उतरली, ती या लेकुरवाळीच्या वंशातली.

मेणवलीच्या घाटावर एका दुपारी धुणे आटोपलेल्या एका आजींना मी विचारले, ‘‘आजी, घंटेवर कोण आहे हो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कुणी का असंना, पोर कडंवर हाय न्हवं?’’ तेराव्या शतकातल्या शिल्पकाराला हवे होते ते आजींपर्यंत पोचले होते. कलेची समीक्षा याहून थोडक्यात करता येईल असे मला वाटत नाही.

हाकेची दिशा

घंटेने चर्चच्या इमारतीलाही वळण लावले. सुरुवातीच्या बॅसिलिकांना मनोरे नव्हते. घंटा आली, तिचा आवाज दूर जायला हवा, म्हणून उंची आली. इटलीत घंटेचा मनोरा चर्चपासून सुटा उभारायची चाल पडली. पिसाचा कलता मनोरा आपल्याकडे शाळेतल्या पुस्तकापासून सगळ्यांना माहीत असतो, पण ११७३ मध्ये काम सुरू झालेला तो मनोरा शेजारच्या कॅथीड्रलचा घंटामनोरा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. आल्प्सच्या उत्तरेला मनोरे इमारतीतच सामावले आणि गॉथिक चर्चच्या दर्शनी भागाला ते दोन उंच मनोरे मिळाले. सुट्या मनोऱ्याचा नमुना पाहायला इटलीला जायला नको. पुण्याच्या पंचहौद मिशनच्या आवारात, जिथल्या १८९० च्या चहाने टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले, तिथल्या पवित्र नाम देवालयाचा आठ घंटांचा मनोरा असाच सुटा उभा आहे. बांधला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पण घाट मध्ययुगीन इटलीचा.

मठांमध्ये दिवसरात्रीच्या ठरावीक प्रार्थना घंटेवर चालत. पुढे शहरांचे बाजार, वेशीचे दरवाजे, मजुरांची सुट्टी हे सारे घंटेवर आले आणि तेराव्या-चौदाव्या शतकात यांत्रिक घड्याळे निघाली तीही घंटा वाजवण्यासाठीच. आपल्याकडे तरी वेगळे काय झाले? ‘तास’ हा शब्द मुळात टोले देण्याच्या धातूच्या थाळीचा. थाळीचे नाव काळाला चिकटले.

घंटेला युरोपात माणसासारखे वागवत. टांगण्यापूर्वी बिशप तिला पवित्र जलाने न्हाऊ घाली, तेल लावी, तिला नाव ठेवी. हा प्रकार बारशासारखा वाटतो म्हणून सम्राट शार्लमेनने ७८९ च्या फर्मानात घंटांचा बाप्तिस्मा करायला मनाई केली होती. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. वादळ आणि गारा पिटाळायला घंटा बडवत. आपल्या विदर्भातल्या गारपगाऱ्याला तिथे कामाची उणीव पडली नसती.

इतके साम्य असूनही एक भेद उरतो आणि तो मला मोलाचा वाटतो. देवळात शिरणारा माणूस घंटा वाजवतो, ती देवाला कळावे म्हणून. चर्चची घंटा देवाच्या घरातून वाजते, ती माणसांनी यावे म्हणून. वस्तू एकच, पण हाकेची दिशा उलटी. वसईत जी घंटा गावाला बोलवत होती, ती मेणवलीत मेणेश्वराला साद घालू लागली. तिची ही दुसरी नोकरी पहिलीपेक्षा कमी प्रतीची नाही. पण पहिली होतीच नाही, असे आपण वागू नये.

न वितळलेले कासे

आता ‘राखली गेली’ या शब्दांकडे परत येऊ. तोफेचे कासे आणि घंटेचे कासे सख्खे भाऊ. तोफेत कथील साधारण दहावा हिस्सा, घंटेत पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कथील वाढले की धातू खणखणीत वाजतो, पण ठिसूळ होतो. तांब्याची भर घालून घंटेची तोफ करता येते. युरोपात शहर पडले की तिथल्या घंटांवर जिंकणाऱ्या सैन्याच्या तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क असे आणि गावकऱ्यांना पैसे भरून आपल्या घंटा सोडवून घ्याव्या लागत. रशियाचा झार पीटर १७०० मध्ये नार्व्हाला हरला, तोफा गमावून बसला, तेव्हा त्याने आपल्याच देशातल्या चर्चच्या घंटा वितळवल्या. फ्रेंच क्रांतीतही घंटांच्या तोफा आणि नाणी झाली. ख्रिस्ती राजांनी आणि ख्रिस्ती जनतेने ख्रिस्ती घंटा अशा संपवल्या.

मराठ्यांनाही तोफांची गरज होती. वसईच्या ज्या घंटा आज देवळांत वाजतात, त्यांचे कासे सहज भट्टीत गेले असते. ते गेले नाही. घंटा राखल्या, वाहून आणल्या आणि घंटा म्हणूनच टांगल्या. मेणवलीच्या घंटेवरची मेरी कानशीने घासून टाकायला अर्धा दिवस पुरला असता, तेही कुणी केले नाही. यात विजयाचा अभिमान होता, हे उघड आहे आणि तो नाकारायचे कारण नाही. पण निव्वळ अभिमान तोफ ओतूनही मिरवता आला असता. चांगली वाजणारी वस्तू वाजतीच राहावी, ही ओतकामाची कदर करणाऱ्याची जाण त्यात आहे. वसईतले जे ख्रिस्ती कुटुंब आज सहलीला वाईला येते आणि घाटावर या मेरीपुढे क्षणभर थांबते, ते घरात मराठीच बोलते. त्यांच्या डोळ्यांना जे दिसते आणि आपल्या डोळ्यांना जे दिसते, ते दोन्ही सामावून घेईल एवढे वाक्य आपल्याला त्या घंटेबद्दल लिहिता आले पाहिजे. ‘जिंकून आणलेली’ हा त्या वाक्याचा एक भाग. ‘राखलेली’ हा दुसरा.

शेवटी माझ्याच हातून झालेला एक गुन्हा सांगून थांबतो. तिशीत असताना सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, एका लहान देवळात मला हातभर उंचीची जुनी घंटा दिसली. खांद्याशी अक्षरांची पट्टी होती. काळवंडलेली अक्षरे वाचता येईनात, म्हणून पुजाऱ्याची परवानगी घेऊन मी चिंच आणि राखेने ती लख्ख घासली. घंटा सोन्यासारखी झाली. पुजारी खूश झाले. पण आधीच झिजलेल्या अक्षरांच्या कडा माझ्या घासण्याने बोथट झाल्या आणि जी दोन अक्षरे बोटाला लागत होती तीही लागेनाशी झाली. ती पट्टी काय सांगत होती, ते आता कुणालाही वाचता येणार नाही. फाउंड्रीत खराब ओतीव पुन्हा भट्टीत टाकता येते. इथे ती सोय नव्हती.

म्हणून तळमळीने सांगावेसे वाटते. सातारा-सांगलीतल्या देवळांमधल्या जुन्या घंटा वर्षागणिक झिजत आहेत. तेलाचे थर चढतात, रंग फासला जातो, हौशी लोक दगडाने टोले देतात, नावे कोरतात. त्यांची नोंद करायला मोठी संस्था किंवा अनुदान लागत नाही. ओठाचा व्यास, उंची, ओठाची जाडी, सालाचा आकडा, अक्षरांची पट्टी, आकृती, लोलक मूळचा की बदललेला, आणि घंटा कुठून आली याबद्दल गावातली वृद्ध माणसे काय सांगतात, एवढ्या गोष्टी एका वहीत मावतात. अक्षरांवर पातळ कागद धरून त्यावर कोळशाची कांडी हलक्या हाताने फिरवली की ठसा मिळतो. एखाद्या कॉलेजच्या चार पोरांना दिवाळीच्या सुट्टीत दोन तालुके उरकता येतील. टेप, कागद आणि कोळसा एवढी सामग्री पुरे. चिंच तेवढी घरी ठेवावी.